पदवीचा सामाईक अभ्यासक्रम नव्याने बांधताना: गोव्यातील महाविद्यालयांसाठी पायरीपायरीने

तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दिलेल्या चौकटीत मेजरला (मुख्य विषयाला) किमान ६० आणि मायनरला (दुय्यम विषयाला) २४ क्रेडिट आहेत. उरलेल्यांत बहुविद्याशाखीय विषय ९, भाषा व संवाद ८, कौशल्याचे विषय ९, मूल्यवर्धित विषय ६ ते ८, आणि वर थोडी इंटर्नशिप. इंटर्नशिप बाजूला ठेवली तरी मधल्या चार गटांची, म्हणजे सामाईक भागाची, बेरीज ३२ ते ३४ होते. व्याख्यानाच्या एका क्रेडिटला १५ तास धरले तर किमान ४८० तास. म्हणजे पदवीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त.

गोव्यात २०२३-२४ पासून ही रचना लागू झाली. तेव्हापासून स्टाफरूममध्ये या ४८० तासांबद्दल एकच शब्द सारखा ऐकते: भरताड. मुलेही तसेच म्हणतात, आणि अनेक ठिकाणी ते खरे आहे. पण हा दोष चौकटीपेक्षा आपण ती भरली त्या पद्धतीत जास्त आहे. ज्या विभागाचे वर्कलोड (शिकवण्याचे ठरलेले तास) कमी पडत होते, त्यांना हे तास वाटून दिले गेले. मी अर्थशास्त्र शिकवते आणि या सामाईक भागाच्या फेररचनेच्या समितीत दोनदा बसले आहे. पहिला प्रयत्न फसला, दुसरा बऱ्यापैकी जमला. दोन्हींतून जे शिकले ते इथे क्रमाने मांडते.

पहिली पायरी: मालक ठरवा

रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमाला विभागप्रमुख असतो. काही बिघडले तर विचारायचे कोणाला हे माहीत असते. सामाईक अभ्यासक्रमाला असा कोणी नसतो, म्हणून तो कोणाचाच राहत नाही. तेव्हा विषयांची यादी करण्याआधी एक समन्वयक नेमा आणि त्याच्या आठवड्यातले किमान चार तास कागदोपत्री कमी करा. हे काम "सांभाळून करा" असे सांगून होत नाही.

समिती सात ते नऊ जणांची असावी. आमच्या पहिल्या समितीत चौदा जण होते, प्रत्येक विभागाचा एक. वर्षअखेर चौदा विषय तयार झाले आणि प्रत्येक विषय म्हणजे त्या त्या विभागाच्या पहिल्या सत्रातला पहिला धडा, थोडा पातळ केलेला. माणसे चांगली होती. पण जो विभागाचा प्रतिनिधी म्हणून येतो तो विभागाचे तास राखायलाच बसतो. दुसऱ्यांदा आम्ही वेगळी माणसे घेतली: प्रयोगशाळेत शिकवणारे एक, भाषेचे एक, वाणिज्यचे एक, ग्रंथपाल, शारीरिक शिक्षणाचे सर, उच्च माध्यमिकला शिकवणाऱ्या एक बाई आणि दोन वर्षांपूर्वी पदवी घेऊन नोकरीला लागलेली एक माजी विद्यार्थिनी. अकरावी-बारावीत काय होऊन गेले आहे हे त्या बाईंनी सांगितले नसते, तर निम्मा अभ्यासक्रम आम्ही पुन्हा तोच लिहिला असता.

वेळ दोन वर्षांचा धरा. पहिले वर्ष पाहणे, ऐकणे आणि लिहिणे, दुसरे प्रयोगाचे. जून ते चवथ (गणेश चतुर्थी) पाहणी, चवथ ते दिवाळी उद्दिष्टे, नाताळपर्यंत आराखडा आणि मार्चपर्यंत मंजुरी, असा आमचा साधारण हिशेब होता.

दुसरी पायरी: आज काय चालले आहे ते भिंतीवर लावा

सध्या शिकवल्या जाणाऱ्या प्रत्येक सामाईक विषयाचा अभ्यासक्रम, गेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि वेळापत्रक गोळा करा. यातला सर्वांत प्रामाणिक कागद प्रश्नपत्रिकेचा. अभ्यासक्रमात "चिकित्सक विचार विकसित होईल" असे लिहिलेले असते आणि प्रश्नपत्रिकेत "चार फायदे लिहा" असते. मूल प्रश्नपत्रिकेचाच अभ्यास करते, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

मग एक मोठा तक्ता करा. उभ्या रकान्यांत विषय, आडव्या ओळींत क्षमता: लेखन, आकडे वाचणे, पुरावा तपासणे, गटात काम, दुसऱ्या भाषेत सांगणे वगैरे. प्रत्येक चौकोनात तीनपैकी एक खूण करा. ओळख करून दिली जाते, सराव होतो, की कस लागतो. आमचा तक्ता पाहून खोली गप्प झाली होती. "संवाद कौशल्य" चार विषयांत होते, चारही ठिकाणी ओळख. सरावाची खूण एकही नाही. मुलाला चार वेळा संवादाची व्याख्या सांगितली जात होती आणि तीन वर्षांत एकदाही त्याच्या लिखाणाचा मसुदा कोणी वाचून परत दिला नव्हता.

याच आठवड्यात एका विद्यार्थ्याचा दिवस त्याच्याबरोबर काढा. सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावातून कदंब बसने येणारा मुलगा किती वाजता निघतो, शेवटची सोयीची बस कोणती, सामाईक विषयाचा तास कितीला आहे. बहुतेक ठिकाणी तो तास दिवसाच्या शेवटी असतो, कारण सकाळचे तास मेजरने आधीच घेतलेले असतात. मग उपस्थिती कमी म्हणून आपण मुलांना बोलतो. सामाईक विषयांना आठवड्यातले दोन सकाळचे पट्टे आधी राखून ठेवा आणि बाकीचे वेळापत्रक त्याभोवती लावा. माझ्या मते सगळ्या फेररचनेत इतक्या कमी खर्चात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

तिसरी पायरी: सहा वाक्ये, त्याहून जास्त नाहीत

हे ४८० तास संपल्यावर मेजर कोणताही असो, मुलाला काय करता यायला हवे? वाक्याचा शेवट क्रियापदाने व्हावा आणि ती क्रिया डोळ्यांना दिसावी. "जाण निर्माण होईल" हे वाक्य खोडा. एक कसोटी वापरून पाहा: उद्दिष्ट दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला द्या आणि त्यावर एक काम किंवा प्रश्न तयार करायला सांगा. त्याला जमले नाही तर वाक्य अजून धूसर आहे.

आमची काही वाक्ये नमुन्यादाखल देते. बातमीतला किंवा अहवालातला आकडा कुठून आला हे शोधून त्यावर किती विसंबायचे ते कारणासह लिहिता येणे. आपल्याला न पटणारे मत ते मानणाऱ्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता येणे. एका भाषेत वाचलेले दुसऱ्या भाषेत, ऐकणाऱ्याला समजेल असे सांगता येणे. आपल्या गावातल्या एका प्रश्नाची जमीन, पाणी, कायदा आणि पैसा अशी चारही अंगे दाखवता येणे.

तिसऱ्या वाक्यावर मी हट्टाने बोलले. आमची मुले घरी कोकणी बोलतात, पेपर मराठी वाचतात, प्रश्नपत्रिका इंग्रजीत सोडवतात आणि घराच्या जमिनीचा जुना कागद पोर्तुगीजमध्ये असतो. ही अडचण म्हणून मोजायची नसते. चार भाषांमधून ये-जा करणे ही मोठी बौद्धिक कसरत आहे, आणि ती रोज करणाऱ्या मुलांना आपण त्यासाठी एकही क्रेडिट देत नव्हतो.

चौथी पायरी: आकार निवडा

सामाईक शिक्षणाचे जुने आकार दोन. एक, सर्वांनी एकच विषय एकत्र वाचायचा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, समकालीन संस्कृतीचा असा विषय सुरू केला आणि तो अजून चालू आहे. दुसरा, थाळीचा: विज्ञानातला एक, कलेतला एक, समाजशास्त्रातला एक, ज्याला जो हवा तो. आपल्याकडे राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्येच सामान्य शिक्षण पदवीचा भाग असावे असे आग्रहाने मांडले होते, पण आपण बहुतेक थाळीच वाढत आलो.

विद्यार्थिसंख्या लहान असलेल्या महाविद्यालयात थाळी परवडत नाही. पेडणे किंवा केपे इथल्या सरकारी महाविद्यालयाने चाळीस पर्याय कुठून आणायचे? कागदावर चाळीस राहतात, प्रत्यक्षात तीन चालतात आणि मुलाला उरलेले मिळते. म्हणून मी कणा आणि फांद्या सुचवते. कणा म्हणजे पहिल्या वर्षी सर्वांना समान असे दोन विषय: एक आकडे आणि पुरावा वाचण्याचा, एक लेखन-भाषांतराचा. फांद्या म्हणजे दुसऱ्या वर्षापासून पाच-सहा मोठे प्रश्न, प्रत्येक प्रश्न दोन विभागांनी मिळून शिकवायचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीत एक अट आहे: बारावीला शिकलेला विषय बहुविद्याशाखीय म्हणून परत घेता येत नाही. प्रश्नांभोवती विषय बांधला की ही अडचण फारशी येत नाही, कारण असे विषय बारावीच्या पुस्तकांत नसतातच.

पाचवी पायरी: एक विषय शेवटपर्यंत बांधून पाहा

आराखड्यावर वाद घालण्यापेक्षा एक विषय तपशिलात लिहा. आम्ही खाजन घेतले, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून राखलेली सखल शेतजमीन. तीन क्रेडिट: दोन व्याख्यान-चर्चेचे, म्हणजे ३० तास, आणि एक क्षेत्रकार्याचे. क्षेत्रकार्याच्या एका क्रेडिटला ३० तास द्यावे लागतात, हे विसरून बरेच जण १५ धरतात. एकूण साठ तास झाले.

पहिले दोन आठवडे एकच गोष्ट समजून घ्यायची: मानस. नदीच्या भरतीचे खारे पाणी बांधाबाहेर ठेवायचे आणि आतले पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, यासाठी बांधात बसवलेला लाकडी दरवाजा. भरतीला बाहेरचे पाणी चढते आणि त्याच दाबाने दार मिटते. ओहोटीला आतले पाणी दार ढकलून निघून जाते. दिवसातून दोनदा, कोणी हात न लावता. भौतिकशास्त्राची शिक्षिका इथे दाबाची आकृती काढते आणि वाणिज्यची मुले भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पुढच्या दहा दिवसांतल्या दार उघडण्या-मिटण्याच्या वेळा मांडतात. मग प्रत्यक्ष जाऊन त्या वेळा बरोबर आल्या का ते पाहायचे. मी शिकवलेल्या कोणत्याही आलेखापेक्षा त्या दिवशी मुलांना जास्त कळले.

पुढे माती येते: पावसाने मीठ धुऊन निघाल्यावर कोरगूटसारखे खारेपण सोसणारे भात का पिकते, भात निघाल्यावर पोंयीत (खाजनातल्या पाण्याच्या डोहात) मासळी आणि सुंगटे कशी येतात. मग हिशेब: बांधाची डागडुजी कोणी करायची, मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव कोणाला जातो, पैसा कुठे खर्च होतो. इथे गांवकरी, म्हणजे कोमुनिदाद, ही गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था शिकावी लागते. नंतर १९६४ चा कूळ कायदा आणि त्यातली १९७६ ची पाचवी दुरुस्ती. जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाला ही न्यायाची मोठी गोष्ट झाली. त्याबरोबर बांधाची सामूहिक जबाबदारी गांवकरीकडून कुळांच्या संघांकडे गेली आणि अनेक ठिकाणी बांध दुर्लक्षित राहिले. दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही एकाच निबंधात मांडायला लावणे हाच या विषयाचा गाभा.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. बांध फुटला, शेत पडीक राहिले की तिथे खारफुटी वाढते. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यातल्या खाजनांची वेगळी दखलही आहे. मग शेतकऱ्याला शेत परत हवे असेल तर काय? रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला गेले तर धक्क्याजवळच सलीम अली पक्षी अभयारण्याची खारफुटी दिसते आणि त्याच बेटावर खाजनेही आहेत. एका सकाळी दोन्ही पाहून मुलांनी बाजू मांडायच्या आणि अर्ध्या तासाने बाजू बदलायच्या.

हाच साचा दुसऱ्या तालुक्यात तसाच उचलू नका. डिचोली-सांगेच्या महाविद्यालयाने खाण घ्यावी. ऑक्टोबर २०१२ ची सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, एप्रिल २०१४ चा निकाल आणि त्यातून आलेली, खनिजाच्या पैशाचा हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी राखणाऱ्या कायम निधीची कल्पना, फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द झालेले ८८ खाणपट्टे. जमिनीतले खनिज एका पिढीने विकून टाकले तर पुढच्या पिढीचे काय, हा प्रश्न अर्थशास्त्राचाही आहे आणि नीतीचाही. काणकोणला गालजीबागची कासवे आहेत, फोंड्याला कुळागरे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा. पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा आहे, त्याचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशात आहे. "प्रदूषणाचे प्रकार" चौथ्यांदा पाठ करून घेण्यापेक्षा तो आदेश असा पाळावा.

आणखी दोन छोट्या विषयांची शिफारस करते, दोन-दोन क्रेडिटचे. एक, गोव्याचा नागरी कायदा. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कुटुंबकायदा इथे प्रत्येकाच्या आयुष्यात येतो. लग्नाच्या नोंदणीची पहिली सही, दुसरी सही सगळ्यांना माहीत असते. पण लग्नाआधी वेगळा करार केला नाही तर मालमत्ता दोघांची सामाईक होते, आणि घर विकायला जोडीदाराचीही सही लागते, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलींनाही माहीत नसते. वारशाबाबतचा २०१२ चा कायदा सोबत वाचावा. दुसरा, आकड्यांचा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. पुढची जनगणना लांबत गेली, त्यामुळे "दरडोई" म्हणून छापला जाणारा कोणताही आकडा अंदाजित लोकसंख्येने भागलेला असतो. एवढ्या एका गोष्टीवर तीन आठवडे सहज शिकवता येते.

सहावी पायरी: वर्कलोडचा प्रश्न लेखी सोडवा

पहिल्या तीन बैठकांत वर्कलोड हा शब्द काढायचा नाही असा नियम आम्ही केला होता. पण तो कायमचा टाळायचाही नाही. माणसांच्या नोकऱ्यांची भीती खरी असते, आणि ती उघड बोलली नाही तर अभ्यासक्रमाच्या पोटात शिरते. प्राचार्यांकडून लेखी घ्या की फेररचनेमुळे दोन वर्षे कोणत्याही विभागाचे एकूण तास कमी धरले जाणार नाहीत. दोघे मिळून शिकवतात तेव्हा दोघे वर्गात असलेला तास दोघांच्याही खात्यावर पूर्ण मोजला जावा. अर्धा-अर्धा मोजला तर पहिल्या महिन्यातच एक जण येणे थांबवतो.

आणि सामाईक विषय लेक्चर बेसिसवरच्या (तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्या) नव्या शिक्षकांवर ढकलू नका. ती मुले-मुली मनापासून शिकवतात, पण पुढच्या जूनला ती असतीलच असे नाही. पहिल्या वर्षाचा कणा तरी अनुभवी शिक्षकांनी घ्यावा, ही अट आम्ही आराखड्यातच लिहिली.

सातवी पायरी: परीक्षा आधी लिहा, धडे नंतर

प्रत्येक विषयाचे शेवटचे काम सर्वांत आधी ठरवा. खाजनासाठी आमचे काम होते: एका बांधाच्या दुरुस्तीसाठी पंचायतीला दोन पानांचे निवेदन, मराठीत किंवा कोकणीत, त्यातला प्रत्येक आकडा कुठून घेतला ते लिहून. सोबत हाताने लिहिलेली क्षेत्रवही आणि पाच मिनिटांची तोंडी. चॅटजीपीटीकडून निवेदन लिहून आणता येते, पण "तू गेलीस तेव्हा मानशीचे दार उघडे होते की मिटलेले, आणि का?" याचे उत्तर जी गेली तिलाच देता येते.

भाषेच्या विषयाला ग्रामसभा घ्या. ती रविवारी भरते, मुले घरी असतात. बसायचे, ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी इतिवृत्त लिहायचे. कोण काय म्हणाले आणि काय ठरले यांत फरक करता येणे हे मोठे कौशल्य आहे. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज नीट लिहिणे, हेही त्यातच.

गुणांकनासाठी चार पायऱ्यांचा तक्ता करा आणि सत्र सुरू होण्याआधी मुलांच्या हातात द्या. मग एक दुपार राखून पाच शिक्षकांनी नावे झाकलेली तीच दहा उत्तरे स्वतंत्रपणे तपासायची. आमच्यात पहिल्यांदा एकाच उत्तराला कोणी काठावर पास केले, कोणी उत्तम म्हटले. दोन तास चर्चा झाली, आणि "पुरावा" म्हणजे आम्ही सगळे काय समजतो ते तेव्हा ठरले. शिक्षक प्रशिक्षणाच्या कितीतरी कार्यक्रमांना मी गेले आहे. त्या दुपारइतके त्यांतून मिळाले नाही.

आठवी पायरी: मंजुरीची वाट आधीच पाहून ठेवा

इथे चांगले आराखडे अडकतात. विद्यापीठात विषय अभ्यास मंडळातून विद्या परिषदेकडे जातो आणि अभ्यास मंडळे विषयवार असतात. खाजनाचा विषय कोणत्या मंडळाचा? भूगोलाचा, वनस्पतिशास्त्राचा, इतिहासाचा? तीनही मंडळे "आमचा नाही" म्हणू शकतात, किंवा तीनही आपापला धडा घालायला सांगतात. म्हणून सुरुवातीलाच बहुविद्याशाखीय विषयांसाठी वेगळे तात्पुरते मंडळ मागून घ्या. ते शक्य नसेल तर एक मंडळ यजमान ठरवा आणि बाकीच्या दोघांच्या अध्यक्षांना मसुदा लिहितानाच बोलवा. स्वायत्त महाविद्यालयाला हे सोपे आहे. संलग्न महाविद्यालयांनी दोघा-तिघांनी मिळून प्रस्ताव द्यावा, एकट्याचा लवकर मागे पडतो.

अभ्यासक्रमाचा मजकूर मंजूर करून घेताना जागांची नावे त्यात बांधून टाकू नका. "स्थानिक जलव्यवस्थेचा एक नमुना" असे लिहा आणि खाजन हे उदाहरण म्हणून परिशिष्टात ठेवा. नाहीतर वाळपईच्या मुलांनाही चोडणच्या मानशी पाठ कराव्या लागतील.

नववी पायरी: एक वर्ष लहान प्रमाणावर

दोन महाविद्यालये, एक शहरातले आणि एक आतल्या तालुक्यातले, प्रत्येकी दोन तुकड्या. सत्राच्या पहिल्या आठवड्यात मुलांना एक काम द्या आणि शेवटच्या आठवड्यात त्याच तोडीचे दुसरे. दोन्ही गठ्ठे एकत्र मिसळून, तारीख झाकून, न शिकवलेल्या शिक्षकाकडून वाचून घ्या. कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे हे त्याला ओळखता आले नाही तर विषय बदलायला हवा, अभिप्रायाच्या फॉर्मवर मुलांनी कितीही तारे दिलेले असोत.

प्रत्येक सामाईक विषयाला तीन वर्षांची मुदत घाला. मुदत संपली की तो आपोआप बंद होईल आणि चालू ठेवायचा असेल तर समितीसमोर पुन्हा मांडावा लागेल. समन्वयकही तीन वर्षांनी बदलावा. पण जाताना त्याने पुढच्याकडे एक फाइल द्यावी: भिंतीवरच्या तक्त्याची प्रत, नावे झाकून ठेवलेली दहा उत्तरे त्यांच्या पाचपाच गुणांसह, कोणत्या पंचायतीचे सचिव मुलांना मनापासून मदत करतात त्याची नोंद, बससाठी कोणाकडे अर्ज करायचा, कोणता विषय का बंद केला त्याचे अर्धे पान, आणि पुढच्या सत्राचा भरती-ओहोटीचा तक्ता.